जुन्या ट्यूब गिटार ॲम्पसाठी योग्य फ्यूज कसा निवडायचा

जुन्या ट्यूब ॲम्पचा फ्यूज उडाला की बहुतेक जण काचेच्या नळीवर किती ॲम्पिअर लिहिलंय तेवढंच बघतात आणि त्याच आकड्याचा दुसरा आणून बसवतात. पुष्कळदा ॲम्प चालूही होतो. पण त्या आकड्याबरोबर आणखी काही गोष्टी जुळाव्या लागतात: फ्यूज किती वेगाने उडतो, किती व्होल्टसाठी बनवलाय, कोणत्या मापाचा आहे, आणि तुमच्याकडे येणारी वीज मूळ ॲम्पला अपेक्षित होती तेवढ्याच व्होल्टची आहे का. यातलं एखादं चुकलं तर चांगला फ्यूज विनाकारण उडत राहतो, किंवा उडायला हवा तेव्हा उडतच नाही.

यातला दुसरा प्रकार फार महागात पडतो. ट्यूब नव्या मिळतात, कपॅसिटर मिळतात, पण ॲम्पमधला मूळ पॉवर ट्रान्सफॉर्मर जळाला तर तसाच दुसरा मिळणं अवघड. नवा गुंडाळून घेता येतो, मात्र जुन्या ॲम्पची किंमत आणि अस्सलपणा त्या मूळ लोखंडातच असतो. फ्यूज आहे तो ट्रान्सफॉर्मर वाचावा म्हणून आणि आग लागू नये म्हणून. त्यामुळे खाली जिथे जिथे शंका येईल तिथे माझा सल्ला एकच राहील: लहान आकडा निवडा. लहान निवडण्यात फार तर चार फ्यूज वाया जातील.

हेही आत्ताच सांगून ठेवतो, की फ्यूज तुम्हाला शॉकपासून वाचवत नाही. माणसाचा जीव जायला ॲम्पिअरचा दहावा भागही पुरतो आणि तेवढ्या करंटने एक किंवा दोन ॲम्पिअरचा फ्यूज गरमसुद्धा होत नाही.

जवळ काय असावं

- मल्टिमीटर, किमान ६०० व्होल्ट डीसी मोजणारा
- तुमच्या ॲम्पच्या नेमक्या मॉडेलचा आणि शक्यतो त्याच काळातला सर्किट डायग्राम
- आत कोणत्या ट्यूब आहेत याची यादी
- सिरीज लॅम्प, म्हणजे ॲम्पच्या रांगेत जोडता येणारा ६० ते १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब (एलईडी इथे चालत नाही)
- प्लग आणि सॉकेटच्या मध्ये बसणारा वॅटमीटर, मिळाला तर
- योग्य प्रकारचे निदान चार-पाच फ्यूज, कारण तपासणीत एक-दोन जातातच

१. प्लग काढा, मगच होल्डरला हात लावा

फ्यूज बदलताना ॲम्पचं बटण बंद असणं पुरेसं नाही. प्लग भिंतीतून बाहेर काढा. बऱ्याच जुन्या ॲम्पमध्ये वीज आधी फ्यूजमधून जाते आणि मग बटणाकडे, म्हणजे बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज असू शकतो.

मागच्या पॅनेलवरची टोपी फिरवून फ्यूज निघत असेल तर चेसिस (आतल्या सर्किटची धातूची पेटी) उघडायची गरजच नाही. उघडावी लागलीच तर लक्षात ठेवा, आतल्या फिल्टर कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वरचा चार्ज प्लग काढल्यानंतरही टिकून राहू शकतो. तो रेझिस्टरमधून हळू उतरवायचा असतो आणि मीटरवर खात्री करायची असते. स्क्रू ड्रायव्हर लावून ठिणगी पाडू नका, कपॅसिटरही खराब होतो आणि हातही भाजतो. हे काम पूर्वी केलेलं नसेल तर चेसिसच्या आतलं सगळं जाणकार तंत्रज्ञाकडे द्या. या लेखातला बराचसा भाग चेसिस न उघडता करता येतो.

२. ॲम्पमध्ये फ्यूज किती आणि कुठे, ते शोधा

जुन्या फेंडरमध्ये साधारणपणे एकच फ्यूज असतो, मेन्सचा, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेचा. मार्शलच्या हेडवर मात्र शेजारी शेजारी दोन सारखे दिसणारे होल्डर सापडतात: एक मेन्सचा, दुसरा एचटीचा, म्हणजे ट्यूबना मिळणाऱ्या उच्च व्होल्टेजचा. काही ॲम्पमध्ये फ्यूज व्होल्टेज निवडायच्या गोल तुकड्यातच बसवलेला असतो. ब्रिटिश तीन पिनांच्या प्लगमध्येही एक फ्यूज असतो, पण त्याचं काम वायरचं रक्षण करणं. तिथे १३ ॲम्पिअरचा असेल तर ॲम्पला त्याचा उपयोग शून्य, ३ ॲम्पिअरचा घाला.

कोणता फ्यूज गेलाय हे लक्षणांवरून बऱ्यापैकी कळतं. मेन्सचा गेला असेल तर काहीच पेटत नाही, पायलट दिवा नाही, ट्यूबच्या तारा नाहीत. एचटीचा गेला असेल तर ट्यूब नेहमीसारख्या लाल उजळतात, पण आवाज येत नाही.

इथला सापळा: दोन्ही फ्यूज एकाच वेळी काढले की ते उलटे बसण्याची शक्यता खूप. २३० ते २४० व्होल्टवरच्या १०० वॅटच्या जुन्या मार्शल हेडवर मेन्स ४ ॲम्पिअर आणि एचटी १ ॲम्पिअर अशी जोडी दिसते, ५० वॅटच्या हेडवर २ ॲम्पिअर आणि ५०० मिलीॲम्पिअर. अदलाबदल झाली तर मेन्सचा फ्यूज लगेच उडेल, ते ठीक. पण मग कोणीतरी मेन्सच्या जागी नवा ४ ॲम्पिअरचा घालतं आणि एचटीच्या जागचा ४ ॲम्पिअरचा तसाच राहतो. ॲम्प छान वाजतो आणि एचटीचं संरक्षण मात्र संपलेलं असतं. एका वेळी एकच फ्यूज काढा.

३. मूळ आकडा शोधा, आतल्या फ्यूजवर विश्वास ठेवू नका

आत सापडलेला फ्यूज म्हणजे आधीच्या मालकाच्या हाताशी त्या दिवशी जे होतं ते. पन्नास-साठ वर्षांत किती हात लागले असतील ते सांगता येत नाही. म्हणून या क्रमाने बघा: होल्डरजवळ पॅनेलवर काय छापलंय, मग सर्किट डायग्रामवर काय आहे, मग कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकात काय आहे. फेंडरच्या लाकडी खोक्यात आतल्या बाजूला ट्यूबचा कागदी तक्ता चिकटवलेला असतो. त्यावरून मॉडेलचं आणि सर्किटचं नाव कळतं, आणि योग्य डायग्राम शोधायला तेच लागतं. एकाच नावाच्या ॲम्पची सर्किटं वर्षागणिक बदलली आहेत, त्यामुळे फक्त नावावरून डायग्राम उचलू नका.

पॅनेल आणि डायग्राम यांच्यात फरक दिसला तर? आधी बघा, दोन्ही एकाच व्होल्टेजसाठी आहेत का. बहुतेक वेळा गोम तिथेच असते.

४. व्होल्टेज जुळवा

ॲम्प खेचतो ती पॉवर जवळपास तीच राहते, त्यामुळे व्होल्टेज दुप्पट झालं की करंट निम्मा होतो आणि फ्यूजही निम्मा लागतो. १२० व्होल्टवर २ ॲम्पिअरचा फ्यूज लागणाऱ्या ॲम्पला २३० ते २४० व्होल्टवर १ ॲम्पिअरचा लागतो. अमेरिकन ॲम्पच्या पॅनेलवर छापलेला आकडा अमेरिकन विजेसाठी असतो. साठच्या दशकातल्या फेंडरवर ११७ व्होल्ट छापलेलं दिसेल. नंतर कोणीतरी ट्रान्सफॉर्मर बदलून तो २३० व्होल्टचा केला असेल, तर पॅनेलवरचा आकडा दुप्पट मोठा ठरतो. ही चूक सर्रास सापडते, कारण पॅनेल मूळचं असल्यामुळे त्यावरचा आकडाही बरोबरच असणार असं वाटतं.

ॲम्प तसाच ठेवून बाहेर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला असेल तर ॲम्पमधला फ्यूज मूळ आकड्याचाच राहतो, कारण ॲम्पला १२० व्होल्टच मिळतायत. स्टेप-डाउनला मात्र त्याचा स्वतःचा फ्यूज हवा, वीज येते त्या बाजूला. आणखी एक बारकावा बरेच जण विसरतात: स्टेप-डाउन व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर चालवला की त्याचा गाभा जास्त करंट खेचतो आणि जास्त तापतो. अशा ॲम्पचा फ्यूज अधूनमधून उडत असेल तर मोठा फ्यूज घालणं हा उपाय नव्हे. ५० हर्ट्झ चालणारा पॉवर ट्रान्सफॉर्मर बसवा आणि मूळचा जपून ठेवा.

व्होल्टेज निवडायची सोय असलेल्या ॲम्पमध्ये निवडीचा तुकडा फिरवला की फ्यूजही बदलायचा असतो.

५. आकडा कुठेच मिळाला नाही तर हिशोब करा

पॅनेल रंगवून टाकलंय, डायग्राम मिळत नाही, कंपनी कधीच बंद झाली. अशा वेळी ट्यूबवरून अंदाज काढता येतो. दोन ६एल६जीसी पॉवर ट्यूब, चार १२एएक्स७ आणि जीझेड३४ रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारी ट्यूब) असलेला ॲम्प घेऊ.

हीटरपासून, म्हणजे ट्यूब तापवणाऱ्या तारेपासून सुरुवात करा. ६.३ व्होल्टवर प्रत्येक ६एल६जीसी ०.९ ॲम्पिअर घेते आणि प्रत्येक १२एएक्स७ ०.३ ॲम्पिअर. एकूण ३ ॲम्पिअर, म्हणजे साधारण १९ वॅट. जीझेड३४ ५ व्होल्टवर १.९ ॲम्पिअर घेते, म्हणजे साडेनऊ वॅट. (ईएल३४ असेल तर १.५ ॲम्पिअर धरा, ईएल८४ ला ०.७६, ६व्ही६ ला ०.४५, आणि ५यू४जीबी रेक्टिफायरला ५ व्होल्टवर ३ ॲम्पिअर.)

आता उच्च व्होल्टेजची बाजू. असा ॲम्प जोरात वाजताना ४५० व्होल्टच्या आसपास सुमारे २२० मिलीॲम्पिअर खेचतो असं धरलं तर १०० वॅट होतात. सगळं मिळून १२८ वॅट. ट्रान्सफॉर्मरमधली तूट धरून १५० म्हणू. १२० व्होल्टने भागलं की सव्वा ॲम्पिअर. इथे थांबू नका. रेक्टिफायर आणि कपॅसिटर ही जोडी वीज सलग न खेचता लहरीच्या टोकावर झटक्याने खेचते, त्यामुळे फ्यूजला जाणवणारा करंट वॅटवरून काढलेल्या करंटपेक्षा जास्त असतो. साधारण २० टक्के वाढवा, दीड ॲम्पिअर येतो. त्यावर थोडी मोकळीक ठेवून १२० व्होल्टला २ ॲम्पिअर स्लो-ब्लो (सावकाश उडणारा) आणि २३० व्होल्टला १ ॲम्पिअर.

ॲम्प धडधाकट असेल तर हिशोबापेक्षा मोजमाप चांगलं. प्लगवर बसणारा मीटर लावून, स्पीकर किंवा योग्य ओहमचा डमी लोड (स्पीकरच्या जागी लावायचा मोठा रेझिस्टर) जोडून, पूर्ण जोरात वाजवताना करंट वाचा. त्याच्या सव्वा ते दीडपट फ्यूज पुरतो. त्या पट्ट्यात दोन आकडे बसत असतील तर लहान घ्या. छापील आकडा मिळाला असेल आणि तो हिशोबापेक्षा मोठा दिसला, तर घाबरू नका, चालू करतानाचा झटका धरून काही कंपन्यांनी सढळ आकडे दिले आहेत. मात्र छापील आकड्याच्या वर कोणत्याही कारणाने जायचं नाही.

६. स्लो-ब्लो की फास्ट

मेन्सच्या जागी जवळजवळ नेहमी स्लो-ब्लो लागतो. ॲम्प चालू केल्याच्या पहिल्या क्षणात काय होतं ते बघितलं की कारण कळेल. थंड हीटरचा रेझिस्टन्स गरम हीटरपेक्षा खूपच कमी असतो, त्यामुळे ते सुरुवातीला कित्येक पट करंट घेतात. ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकित होताना एक मोठा झटका देतो. रिकामे फिल्टर कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसारखेच वागतात. हे सगळं काही क्षणांत आटोपतं. स्लो-ब्लो तेवढं सहन करतो, आणि करंट चढलेलाच राहिला तर उडतो. त्याच आकड्याचा फास्ट फ्यूज घातला तर तो कधी टिकेल, कधी उडेल. गाभ्याचा झटका तुम्ही लहरीच्या कोणत्या टप्प्यावर बटण दाबलं यावर ठरतो, म्हणून हा बिघाड दर वेळी दिसत नाही आणि माणूस भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसतो.

यात रेक्टिफायरचा वाटा मोठा आहे. जीझेड३४ सावकाश तापते आणि कपॅसिटर हळूहळू भरू देते. डायोड रेक्टिफायर असलेल्या ॲम्पमध्ये, उदाहरणार्थ साठच्या दशकातल्या ट्विन रिव्हर्बमध्ये, ती सवलत नाही. तिथे फास्ट फ्यूज टिकण्याची आशाच धरू नका.

आता सगळ्यात वाईट सापळा. फास्ट फ्यूज सारखा उडतोय म्हणून लोक आकडा वाढवतात: २ चा ३, मग ५. पाच ॲम्पिअरचा फास्ट फ्यूज सुरुवातीचा झटका सोसतो आणि ॲम्प चालतो. पण आत एखादी वाइंडिंग (ट्रान्सफॉर्मरमधली तारेची गुंडाळी) शॉर्ट होऊन सतत ४ ॲम्पिअर जाऊ लागले तर ट्रान्सफॉर्मर धूर सोडेपर्यंत तो फ्यूज शाबूत राहील. उडणाऱ्या फास्टच्या जागी त्याच आकड्याचा स्लो-ब्लो घाला. तोही उडाला तर ॲम्पमध्ये खरा दोष आहे.

७. एचटी फ्यूज वेगळा विषय आहे

हा फ्यूज आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि एचटी वाइंडिंग सांभाळतो. आकडा लहान असतो, अर्धा किंवा एक ॲम्पिअर. स्लो की फास्ट, ते पॅनेलवर किंवा डायग्रामवर असेल तसंच ठेवा. काही सर्किटांत तो एचटी वाइंडिंगच्या मधल्या टोकाला असतो, काहींत रेक्टिफायरनंतर. रेक्टिफायरनंतर असेल तर त्याला डीसी तोडावा लागतो, आणि ते अवघड काम आहे. एसी सेकंदाला शंभर किंवा एकशेवीस वेळा शून्यावर येतो, त्यामुळे फ्यूजमधली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. म्हणून २५० व्होल्टचे काचेचे फ्यूज तिथे वर्षानुवर्षं वापरले गेले असले तरी ५०० व्होल्टचा, वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज त्याच मापात आणि त्याच वेगाचा मिळाला तर मी तोच घालेन.

एचटी फ्यूज आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. चार ईएल३४ शांत असताना मिळून साधारण १५० मिलीॲम्पिअर घेतात. एका ट्यूबचं बायस (तिचा करंट आटोक्यात ठेवणारं व्होल्टेज) गेलं आणि ती एकटीच दीडशेवर गेली, तर तिची प्लेट लालभडक होईल, कारण २५ वॅटच्या ट्यूबवर ६५ वॅटच्या वर उष्णता पडतेय. पण एकूण करंट २६० मिलीॲम्पिअरच्या आसपासच राहील आणि १ ॲम्पिअरचा फ्यूज जागचा हलणार नाही. प्लेट लाल दिसली की हाताने बंद करायचं, फ्यूजची वाट बघायची नाही.

ज्या ॲम्पमध्ये मुळात एचटी फ्यूज नाही तिथे तो नंतर बसवता येतो. तो कुठे घालायचा हे मात्र तंत्रज्ञाला ठरवू द्या. चुकीच्या जागी घातला आणि उडाला तेव्हा बायसचा पुरवठाही तुटला, तर फायद्यापेक्षा तोटा जास्त.

८. फ्यूजवरची अक्षरं वाचा

टोपीवर इंग्रजी टी म्हणजे स्लो, एफ म्हणजे फास्ट. त्यानंतर आकडा, मग एल किंवा एच, मग व्होल्टेज. एल म्हणजे फ्यूज कमी शॉर्ट करंट तोडू शकतो: ३५ ॲम्पिअर किंवा स्वतःच्या आकड्याच्या दहापट, यातलं जे जास्त असेल ते. एच म्हणजे १५०० ॲम्पिअर. मेन्सच्या जागी एच घातला तर सुरक्षा वाढते, फक्त आतली तार दिसत नाही आणि तपासायला मीटर लागतो. अमेरिकन फ्यूजवर वेगळी नावं असतात: एमडीएल म्हणजे स्लो, एजीसी म्हणजे फास्ट.

व्होल्टेज म्हणजे कमाल मर्यादा. २५० व्होल्टचा फ्यूज १२० व्होल्टवर खुशाल चालतो, उलटं चालत नाही. जुन्या गाड्यांचे काचेचे फ्यूज अमेरिकन ॲम्पच्या होल्डरमध्ये अगदी नेटके बसतात आणि ते असतात ३२ व्होल्टचे. मेन्सवर असा फ्यूज उडाला की आतली ठिणगी विझेलच याची खात्री नाही. डब्यात गाडीचे फ्यूज असतील तर ते ॲम्पच्या सामानातून बाजूला काढा.

मापं दोन. अमेरिकन आणि बऱ्याच जुन्या ब्रिटिश ॲम्पमध्ये ६.३ गुणिले ३२ मिलिमीटर, युरोपीय आणि अलीकडच्या ॲम्पमध्ये ५ गुणिले २०. लहान फ्यूज मोठ्या होल्डरमध्ये बसवायला चंदेरी फॉइल गुंडाळणं अजिबात नको. फॉइल सरकतं, तापतं, आणि कधी फ्यूजला वळसा घालून वीज सरळ पुढे नेतं. काही होल्डरना दोन्ही मापांच्या टोप्या मिळतात, नाहीतर होल्डरच बदला.

आणि आता एक फरक ज्याने मलाही पुष्कळ काळ कोड्यात टाकलं होतं. अमेरिकन आणि युरोपीय मानकांत एकाच आकड्याचा अर्थ वेगळा आहे. अमेरिकन २ ॲम्पिअरचा फ्यूज २.७ ॲम्पिअरला एका तासाच्या आत उडायलाच हवा. युरोपीय २ ॲम्पिअरचा ३ ॲम्पिअरला किमान एक तास टिकायला हवा. म्हणजे अमेरिकन डायग्रामवरचा आकडा तसाच्या तसा युरोपीय फ्यूजमध्ये घेतला तर संरक्षण सैल होतं. अमेरिकन फ्यूज सतत चालवायचा तो त्याच्या आकड्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत, त्यामुळे युरोपीय निवडताना पाऊण आकडा धरा: २ च्या जागी १.६, १ च्या जागी ८०० मिलीॲम्पिअर. व्होल्टेजही बदललं असेल तर आधी निम्मं करा, मग हे.

९. होल्डर तपासा

नवा फ्यूज घालण्याआधी होल्डरच्या आत टॉर्च मारा. काळे पडलेले संपर्क, सैल स्प्रिंग, वितळलेली टोपी यातलं काही असेल तर तिथे उष्णता तयार होते, आणि ती उष्णता फ्यूजला त्याच्या आकड्याच्या आतच उडवते. हलका गंज स्वच्छ होतो. स्प्रिंगमधला ताण गेला असेल तर होल्डर नवा घ्या.

चेसिस उघडलीच असेल तर फेज कुठे जातोय ते बघा. फेज होल्डरच्या आतल्या टोकाला यायला हवा, म्हणजे टोपी काढताना बोटाजवळची बाजू निर्जीव राहते. जुन्या अमेरिकन ॲम्पवर दोन पिनांची वायर असेल तर प्लग उलटसुलट बसतो आणि फ्यूज न्यूट्रलमध्येही येऊ शकतो. अशा वेळी फ्यूज उडूनही आत फेज जिवंत राहतो. शिवाय अर्थिंग नसल्याने फेज चेसिसला लागला तरी फ्यूज उडत नाही, आणि चेसिसला तुमच्या गिटारच्या तारा जोडलेल्या असतात. अशा ॲम्पला तीन पिनांची वायर बसवून घ्या, आणि फेजपासून चेसिसकडे जाणारा जुना कपॅसिटर त्याच वेळी काढून टाकायला सांगा. मूळ वायर सांभाळून ठेवायची तर ठेवा, पण ॲम्पवर नको. फ्यूज निवडण्यावर घातलेली सगळी मेहनत या एका कामाशिवाय अर्धवट राहते.

१०. सिरीज लॅम्पवर चालू करा

योग्य फ्यूज घाला, स्पीकर जोडा, ॲम्प सिरीज लॅम्पमधून चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडाने जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बल्बने करंट अडवल्यामुळे फ्यूजही वाचतो आणि ट्रान्सफॉर्मरही. मोठ्या ॲम्पला १०० वॅटचा बल्ब घ्या, ६० वॅटवर तो निरोगी असूनही बल्ब बराच उजळलेला दिसेल.

११. पुन्हा उडाला तर

फ्यूजची तार वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन थकते, त्यामुळे एकदा फ्यूज जाणं म्हणजे दोष असेलच असं नाही. तसाच दुसरा घाला. तोही गेला तर तिसरा घालू नका.

गेलेला फ्यूज नीट पाहा. काच काळी किंवा चंदेरी झाली असेल तर जोराचा शॉर्ट होता. काच स्वच्छ आणि तार मध्येच तुटलेली असेल तर थोडा जास्त करंट बराच वेळ गेलाय, किंवा तार थकली होती. स्प्रिंगवाल्या स्लो-ब्लोमध्ये तुटलेला सांधा टोपीच्या आत लपतो, म्हणून डोळ्यांवर न जाता मीटरने कंटिन्युइटी बघा.

केव्हा उडतो तेही लिहून ठेवा. बटण दाबताच उडत असेल तर ट्रान्सफॉर्मर, हीटरची वायरिंग, डायोड किंवा कपॅसिटर. स्टँडबाय (ट्यूबना उच्च व्होल्टेज सोडणारं बटण) उघडताच उडत असेल तर उच्च व्होल्टेजच्या बाजूला दोष. दहा-पंधरा मिनिटांनी, गरम झाल्यावर उडत असेल तर एखादी ट्यूब किंवा ट्रान्सफॉर्मर तापल्यावर साथ सोडतोय.

दोष शोधायला सिरीज लॅम्प लावूनच सगळ्या ट्यूब काढा, रेक्टिफायरसुद्धा. तरी बल्ब पूर्ण जळतोय? मग ट्रान्सफॉर्मर किंवा वायरिंग. डायोडवाल्या ॲम्पमध्ये डायोड आणि फिल्टर कपॅसिटरही. आता शांत असेल तर फक्त रेक्टिफायर घाला. आता बल्ब उजळला तर रेक्टिफायर ट्यूब किंवा फिल्टर कपॅसिटर शॉर्ट. हे काही सेकंदांपुरतंच करा, कारण लोड नसताना व्होल्टेज चढतं. मग लहान ट्यूब, आणि शेवटी पॉवर ट्यूब. पॉवर ट्यूब घातल्यावर बल्ब उजळला तर त्या बदलून बघा, तरी फरक नसेल तर बायसचा पुरवठा तपासा. जुन्या ॲम्पमध्ये फ्यूज उडवणारी सगळ्यात सामान्य गोष्ट शॉर्ट झालेली पॉवर किंवा रेक्टिफायर ट्यूब हीच असते, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर गेला असं ठरवून टाकण्याआधी हा क्रम पूर्ण करा.

१२. आकडा ॲम्पमध्येच लिहून ठेवा

सगळं ठरल्यावर एका पुठ्ठ्यावर लिहा: मेन्स फ्यूज किती, स्लो की फास्ट, कोणतं माप, किती व्होल्टच्या विजेसाठी, अमेरिकन मानकाचा की युरोपीय. एचटी असेल तर तोही, वेगळ्या ओळीत. पॅनेलवर छापलेला आकडा आता लागू नसेल तर तसं स्पष्ट लिहा. पुठ्ठा खोक्याच्या आतल्या बाजूला अडकवा, ट्यूबच्या तक्त्यावर चिकटवू नका. दोन-तीन फ्यूज लहान पिशवीत घालून त्याच्याशेजारी ठेवा, मेन्सचे आणि एचटीचे वेगवेगळ्या पिशव्यांत.